तट्टू म्हणजे खुरटलेला घोडा नव्हे

डॉ. कुमुद सातपुते यांना मी पहिल्यांदा पाहिले ते इंदापूर तालुक्यातल्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या ओट्यावर. त्या भेटीत त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, कारण त्या दुसऱ्याच कुणाला तरी झापत होत्या. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्याच दिवशी रुजू होत होतो. नव्या साहेबांना नमस्कार करावा म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेलो, तर साहेब म्हणजे सुती साडीचा पदर कमरेला खोचलेल्या एक बाई. त्यांच्यापुढे लोणी देवकरचे एक बागायतदार आबा मान खाली घालून उभे होते. आबांनी टेम्पोतून एक तट्टू आणले होते. त्याला धड उभे राहवत नव्हते. टापा हाताला चटका बसेल इतक्या तापल्या होत्या आणि ते सगळा भार मागच्या पायांवर टाकून थरथरत होते.

"काय काय घातलंत याला?" बाईंनी विचारले.

"उसाचं वाढं, गूळ, पेंड, मक्याचा भरडा. काय बी कमी केलं न्हाय, बाई. पोटच्या पोरावानी केलं."

"पण कशासाठी?"

"वाढावं म्हणून. आणलं तवा जेवढं हुतं तेवढंच हाय. आता आमच्याकडं पाटाचं पानी आलं, ऊस आला, पोरं बापाच्या वर गेली. मग ह्येलाच काय धाड भरलीय वाढायला?"

बाईंनी तट्टाच्या मानेवर हात ठेवला आणि आवाज जरा खाली आणला. "आबा, बाजरीला खत घातलं तर तिची ज्वारी होते का?"

"न्हाय."

"बाजरीचा दाणा बारीक असतो. म्हणून तुम्ही तिला खुरटलेली ज्वारी म्हणता का?"

"न्हाय, बाई. आसं कोन म्हनंल?"

"मग या तट्टाला का म्हणता? ते लहान राहिलेलं नाही. ते लहानच असतं."

त्यानंतर बाईंचे लक्ष माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे गेले आणि त्यांनी हाताने बादली दाखवली. माझ्या नोकरीचा पहिला दिवस तट्टाच्या पायांवर गार पाणी ओतण्यात गेला. तट्टू जगले. आबांनी पुढे त्याला वाळल्या गवतावर ठेवले आणि भेटेल त्याला बाजरीची गोष्ट सांगत फिरले, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारेच होते.

"ते लहानच असतं" हे एवढेसे वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात बाईंची नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षेही गेली. आणि ज्यांच्या गळी ते आजही उतरलेले नाही, तीच मंडळी बाईंच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याचा घाट घालत आहेत. निमंत्रणपत्रिका माझ्यापुढे आहे. बाईंच्या फोटोशेजारी त्यांनी एक पांढराशुभ्र, उंचच उंच, परमुलखातला घोडा दोन पायांवर उभा केला आहे. त्याच्या खाली कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे, "डॉ. कुमुद सातपुते अश्व-उंची सुधार योजनेचा शुभारंभ." आपल्या भागातल्या घोड्या उंच जातीच्या घोड्यांकडून फळवायच्या आणि सगळ्यांत उंच शिंगराला बक्षीस द्यायचे, अशी ती योजना. ज्या खुळाविरुद्ध बाई जन्मभर भांडल्या, त्याच खुळाला बाईंचे नाव! गौरवलेखात आवाज चढवू नये असा संकेत आहे, तो मला ठाऊक आहे. बाईंविषयी मी आदरानेच लिहिणार आहे. बाकीच्यांविषयीची हमी देत नाही.

रागाचा विषय निघालाच आहे तर या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाचेही सांगून टाकतो. त्यांनी या लेखाचा खर्डा वाचला आणि जिथे जिथे मी "तट्टू" लिहिले होते तिथे तिथे "अश्व" केले. कारण काय, तर तट्टू हा शब्द गौरवग्रंथाला शोभत नाही, भाडोत्री तट्टू अशी शिवी आहे. मी म्हटले, अहो, शिवी असलीच तर ती भाडोत्रीपणाला आहे, तट्टाने तुमचे काय घोडे मारले आहे? बाई ज्या जनावराच्या पायाशी बसून म्हाताऱ्या झाल्या, त्या जनावराचे नाव त्यांच्याच ग्रंथात घ्यायची लाज वाटत असेल तर माझा लेख परत द्या. संपादकांनी तट्टू पुन्हा तट्टू केले, याबद्दल त्यांचे आभार. हा लेख सोहळा समितीच्या अध्यक्षसाहेबांना दाखवावा लागेल का, अशी त्यांना काळजी होती. मी सांगितले, खुशाल दाखवा. साहेब लेख वाचत नाहीत, फोटो बघतात.

भीमेच्या काठचे म्हणून ज्याला भीमथडी म्हणतात, ते हे आपले लहान चणीचे घोडे. ते लहान का, हे मला बाईंनी शिकवले ते पुस्तक उघडून नव्हे. वरकुट्याला, म्हणजे माझ्याच गावाला, आमच्या माळावर मेंढपाळांचा एक तळ उतरला होता. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचे आणि पावसाआधी परत यायचे, असा त्यांचा दरसालचा शिरस्ता. त्या तळाच्या कारभारीण ठकूबाई. बाईंनी मला त्यांच्या तट्टापुढे उभे केले आणि म्हणाल्या, "भरा याच्यावर संसार." मी वाकळा टाकल्या, भांड्यांचे पोते चढवले, कोंबड्यांचे डालगे बांधले, दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत ताजी जन्मलेली कोकरे ठेवली. सगळे उभ्या उभ्या जमले. शेवटची दोरी मात्र मी बांधलेली सुटली आणि ठकूबाई हसून म्हणाल्या, "दोरी ऱ्हाऊ द्या दादा, ती माझी मी बांधते. तुमी सरकारी गाठ मारताय, ती कवा बी सुटती."

मग बाई म्हणाल्या, "रोज पहाटे हे सगळं चढवायचं, रोज दुपारी उतरवायचं. पुरुष मेंढरांबरोबर पुढे गेलेले असतात. चढवणार कोण? ठकूबाई. ज्या घोड्याच्या पाठीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, तो घोडा त्यांनी ठेवलाच नसता. त्यांच्या आईनंही ठेवला नसता, आजीनंही नाही."

हे झाले माणसाच्या निवडीचे. पण माणसाने निवडायच्या आधी माळाने निवड केलेली असते. आमच्या मुरमाड माळावर गवत पावसाळ्यापुरते. पुढे राहतात ते खुंट. थोरल्या अंगाच्या घोडीचे पोट त्यावर भरत नाही, मग ती गाभण राहत नाही, राहिली तर दूध पुरत नाही. लहान अंगाची घोडी त्याच खुंटांवर भागवते आणि शिंगरू वाढवते. अशा कितीतरी पिढ्या गेल्या की मागे उरतात ती लहान घोडीचीच लेकरे. त्यात उन्हाळा. लहान अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, थोरले अंग तापले की तापलेलेच राहते. समुद्रातल्या थंड बेटांवरही अशीच ठेंगणी घोडी असतात, हे बाईंकडून ऐकले तेव्हा मी विचारले होते की तिथे कुठे ऊन आहे? बाई म्हणाल्या, "ऊन नाही, पण गवत आपल्यासारखंच तोकडं आहे. म्हणून तीही लहान. फक्त थंडीसाठी अंगानं गुबगुबीत आणि केसाळ." ज्या मुलखात चारादाणा मुबलक होता आणि माणसाला जड नांगर ओढायला, लोखंडी चिलखतातला स्वार वाहायला किंवा शर्यत मारायला घोडा हवा होता, तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उंच घोडेच ठेवले. त्यांचे त्यांना लखलाभ.

मुख्य गोष्ट ही की उंची रक्तातून येते. खाण्यापिण्याने ती थोडीफार इकडेतिकडे होईल, पण जातीचे माप ओलांडत नाही. उंच जातीचे शिंगरू उपाशी ठेवा, ते खुरटेल. पण त्याच्या पोटी आलेले शिंगरू पोटभर खाऊन पुन्हा आजोबाएवढे होईल. तट्टाला धान्याच्या कोठारात कोंडले तरी ते रुंद होईल, टापा गमावून बसेल, उंच मात्र होणार नाही. खुरटणे हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. तट्टाला आजारच नाही, तर औषध कसले देता?

पण आमच्या भागाला हे पटत नाही, आणि त्याचे कारण मला कळते, कारण मी याच मातीतला आहे. आमच्याकडे कालवा आला आणि सगळे वाढले. ऊस वाढला, बंगले वाढले, चौकातले फ्लेक्स तर विजेच्या तारांना टेकले. त्यामुळे जे लहान दिसेल ते आम्हांला दुष्काळाचे वाटते. जुन्या गरिबीचा माणूस दारात उभा राहावा तसे ते डोळ्यांत खुपते. मग आम्ही त्याला पाणी घालतो, पेंड घालतो, आणि तरी वाढले नाही तर त्याच्यावर दात धरतो. इतके साधे आहे हे, आणि इतके चीड आणणारे.

बाई मूळच्या पुण्याच्या. सुरुवातीला त्यांच्या शुद्ध बोलण्याची लोक नक्कल करीत. पुढे त्यांची धास्तीच घेतली, कारण बाई ज्या घरी जात तिथे चहा घेण्याआधी गोठ्यात जाऊन जनावराच्या पाण्याची टाकी बघत. टाकी कोरडी असली तर चहाला हात लावत नसत. एका मोठ्या घरी तीन-तीन वेळा कपबशी पुढे आली आणि बाई म्हणाल्या, "आधी त्यांना." घरधनी जागचे हलेनात, तेव्हा बाईंनी स्वतः बादली उचलली. मग त्या घरातली सगळी माणसे विहिरीकडे पळाली. त्या घराची टाकी पुन्हा कधी कोरडी दिसली नाही.

माझ्यावरचा त्यांचा एक उपकार सांगतो. माझी आई बारामतीला दवाखान्यात होती, बायको तिच्यापाशी, आणि घरी वरकुट्याला एक म्हैस, जी आईशिवाय कुणाला दूध देत नसे. मी बसलो तर तिने मला लाथ घालून शेणात पाडले. दवाखान्यात हा विनोद म्हणून मी सांगितला. त्या संध्याकाळी बाई आमच्या दारात हजर. आईचे जुने लुगडे मागून घेतले, ते अंगावर पांघरले आणि म्हशीखाली बसल्या. आई घरी येईपर्यंत त्या सकाळ-संध्याकाळ येत राहिल्या. अधिकारी बाई म्हैस पिळतात म्हणून गावातले लोक बघायला जमत. बाई त्यांना म्हणत, "बघता काय, चारा टाका."

आता त्या शिबिराचे लिहितो, कारण बाईंचा गौरव करायचा आणि शिबिराचे नाव काढायचे नाही, हे मला जमणार नाही. बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. आजचे आपले अध्यक्षसाहेब तेव्हाही कुठल्या ना कुठल्या मंडळाचे अध्यक्षच होते. साहेबांचे नाव मी इथे लिहीत नाही. ते पत्रिकेत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आहे, तिथे वाचावे. त्यांच्या मंडळाने घोडेसुधारणा शिबिर भरवले. मांडव, लाउडस्पीकर, जेवणावळ, आणि मध्यभागी उंची मोजायची रंगवलेली काठी. काठीच्या खुणेपेक्षा जो घोडा खाली भरेल तो निकृष्ट ठरवून तिथेच खच्ची करायचा आणि पुढे घोड्या साहेबांच्या उंच घोड्याकडे आणायच्या. भाषणात साहेब म्हणाले की भीमथडीच्या घोड्याने मराठ्यांचा झेंडा अटकेपार नेला. टाळ्या पडल्या. आणि मांडवाबाहेर त्याच भीमथडीची वाचलेली लेकरे दोरीने बांधून ओळीत उभी केली होती, खच्ची करण्यासाठी!

ओळीत पहिला होता ठकूबाईंचा पाखऱ्या. आमच्या भागातल्या बहुतेक तळांवरच्या घोड्या त्याच्याकडेच येत, कारण दुसरे चांगले वळू घोडे आधीच विकले गेले होते. ठकूबाई बाईंच्या जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "बाई, ह्यो गेला तर आमच्या मागं चालणारं घोडंच ऱ्हायचं न्हाय. संसार काय डोक्यावर घिऊन जायाचा का?"

बाईंनी पाखऱ्याला तपासले. दात बघितले, टापा उचलून बघितल्या, छातीला कान लावला. मग हत्यारांची पेटी होती तिथे गेल्या. सगळ्यांना वाटले, आता पेटी उघडणार. बाईंनी पेटीचे झाकण पुसले आणि त्या पेटीवर बसल्या.

साहेब व्यासपीठावरून उतरून आले. "बाई, चला, उरकून घ्या. जेवनं खोळंबल्यात."

"मी हे करणार नाही."

"का न्हाय करनार?"

"जनावर निरोगी आहे. उंची कमी म्हणून मी निरोगी जनावर खच्ची करत नाही."

"आवो, ही दुष्काळाची निशाणी हाय. आपल्याला पुढं जायाचंय."

"तुम्हांला कुठं जायचंय ते तुम्ही बघा. ठकूबाईंना कोकणात जायचंय. तिथवर तुमचा घोडा संसार घेऊन चालतो का, ते आधी सांगा."

"सरकारी नोकर हाय तुमी. उठा."

"मला इथं बसायला बरं वाटतंय."

मग साहेबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "पेटीची चावी कुनाकडं हाय रं?" चावी माझ्या खिशात होती आणि ती माझ्या खिशातच राहिली. दुपार टळली, जेवणावळी उठल्या, लाउडस्पीकरवाला तारा गुंडाळून गेला, तरी बाई बसलेल्याच. पुढारी आले, फोन आले, वरिष्ठांचा माणूस आला. प्रत्येकाला बाई तेच सांगत होत्या, न ओरडता. एकीकडे हे चालले असताना ठकूबाईंनी पाखऱ्याची दोरी सोडली, तळावर जाऊन संसार भरला आणि त्या आपली माणसे, मेंढरे आणि घोडी घेऊन नीरा ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वार्ताहरांना सांगितले की अधिकाऱ्यांच्या अशा वागण्यामुळे कार्यकर्त्यांचे खच्चीकरण होते. हा शब्द वाचून दवाखान्यात मी एकटाच बसून हसलो. पण ते हसू तेवढ्यापुरतेच राहिले. त्याच महिन्यात बाईंची राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईला, जिने या तालुक्यातली जनावरे आपल्या हाताने जगवली, तिला निरोपाचा नारळही कुणी दिला नाही. तेव्हा हार घेऊन कुणी आले नव्हते. आज येत आहेत ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तो का होऊ नये हे मला कुणी सांगावे.

बाई गेल्यावर बाहेरून माणूस बोलावून उरलेले घोडे खच्ची केले गेले. घोड्या साहेबांच्या उंच घोड्याकडून फळल्या. शिंगरे झाली तेव्हा साहेब फोटो काढत हिंडले, कारण घोड्या सुखरूप व्याल्या होत्या. त्यात नवल काही नव्हते. लहान घोडीच्या पोटात शिंगराला जागाच बेताची असते, म्हणून ते जन्मतः आईच्या मापाने येते. बापाचे रक्त नंतर बोलू लागते. शिंगरे वाढली ती सगळी पायांत वाढली. माळावरच्या गवताने त्यांची पोटे भरेनात, मुरमाने टापा फुटल्या, आणि पाठ इतकी वर गेली की बायकांना ओझे चढवता येईना. एक शिंगरू कोकणाच्या वाटेवर घाटात बसले ते उठले नाही. बाकीची मिळेल त्याला देऊन टाकली. त्यांचे फोटो काढायला कुणी आले नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे पुण्याचे घर त्यांची वाट बघत होते. त्या आल्या बारामतीजवळच्या जळोचीला. भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी मला निरोप पाठवला, "पाखऱ्या कुठं आहे?" पाखऱ्या होता. ठकूबाईंच्या तळावर होता आणि त्याचे लेकरूही होते. बाई स्कूटरवरून एकेका तळावर जायच्या, पटवायच्या, भांडायच्या, घोड्या पाखऱ्याकडे आणवायच्या. रक्त फार जवळचे होऊ नये म्हणून नीरेपलीकडून दुसरे घोडे शोधून आणायच्या. गुडघे दुखायचे, तरी शिंगरू झाल्याचे कळले की यांची स्कूटर निघालीच. पाखऱ्या पुढे म्हातारपणाने गेला. आज आमच्या माळांवर जी लहानखुरी, तुकतुकीत घोडी पळताना दिसतात, त्यांतली बरीचशी त्याची नातवंडे-पतवंडे आहेत. भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून आता सरकारदरबारी नोंदली गेली आहे. तेव्हापासून साहेबांच्या फ्लेक्सवर त्यांच्या नावापुढे "भीमथडीचे तारणहार" असे छापून येते. मी तो फ्लेक्स रोज बघतो. डॉक्टरांनी मला रक्तदाब सांभाळायला सांगितले आहे.

आता पत्रिकेकडे येतो. ती घेऊन मी स्वतः जळोचीला बाईंकडे गेलो. बाईंनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली आणि फोन उचलला. "माझं नाव काढा," एवढेच म्हणाल्या. पलीकडून साहेबांचा आवाज मला ऐकू येत होता. "बाई, पत्रिका छापून वाटून बी झाल्या. आन् मी म्हनतो, चार बोटं उंची वाढली तर वाईट काय हाय? लग्नात, मिरवणुकीत मागणी हाय. तुमचं नाव हाय म्हणून तर लोकांचा इस्वास बसतोय."

तो विश्वास कुठवर पोचला आहे हे आम्हांला त्याच आठवड्यात कळले. ठकूबाईंचा तळ शिवारात आला होता, म्हणून आम्ही दोघे भेटायला गेलो. ठकूबाई आता वाकल्या आहेत, सुना तळ सांभाळतात. त्यांनी बाईंना पाणी दिले, गूळ दिला, पण नेहमीसारख्या शेजारी बसल्या नाहीत. उभ्यानेच विचारले, "बाई, गावातली माणसं आली हुती. म्हनली, तुमच्या बाईचीच योजना हाय. घोड्या उंच घोड्याकडं धाडा. खरं हाय का?"

"तुम्ही काय सांगितलंत?" बाईंनी विचारले.

"काय सांगनार? तुमचं नाव घेतलं म्हनल्यावर न्हाय कसं म्हनू? दोन घोड्या धाडायचं कबूल केलं."

मी बाईंना बदलीच्या दिवशी पाहिले आहे, तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "ठकूबाई, ते खोटं आहे. घोड्या धाडू नका." ठकूबाईंनी मग शेजारी बसून बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "मग तसं समद्यांच्या म्होरं सांगा. आमी एक तळ हाय. बाकीच्यांना कोन सांगनार?"

वाचकहो, राग येतो तो याचा. शत्रू म्हणून समोर उभे राहा, बाई पुरून उरतील, त्या पुरून उरलेल्या आहेत. पण त्यांच्याच नावाने त्यांच्या माणसांचा विश्वास लुबाडायचा, आणि वर शाल घालायची? लाज वाटायला हवी, आणि ज्यांना वाटत नाही त्यांच्या वतीने ती मला वाटते.

बाई समारंभाला येणार आहेत. शाल घ्यायला नव्हे, सगळ्यांपुढे सांगायला येणार आहेत, आणि तळांवरच्या बायका ऐकायला येणार आहेत. हा ग्रंथ समारंभाच्या दारातच तुमच्या हातात पडेल. योजनेचा शुभारंभ पुकारला जाईल तेव्हा सवयीने टाळी वाजेल, ती वाजवू नका. बाई बोलायला उभ्या राहतील तेव्हा त्यांना माइक मिळेल एवढे बघा. त्यांचा आवाज आता पूर्वीइतका लांब जात नाही.

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला लोक म्हणतात, आता शांतपणे नामस्मरण करा, शतायुषी व्हा. बाई, मला तुमच्यासाठी तसले शांत आयुष्य मागवत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या फोटोखाली जे हे असे छापतात, ते तुमच्या माघारी काय छापतील, याचा विचार आला की माझी झोप उडते. तेव्हा ते "नाही" म्हणायला कुणी नसेल, आणि ठकूबाईंच्या सुना तुमचे नाव ऐकून दावणीच्या घोड्या सोडून उंच घोड्याकडे धाडतील. म्हणून तुम्हांला आयुष्य हवे, भरपूर हवे. गुडघे धड राहोत, नजर धड राहो, आवाज परत येवो. आम्ही सगळे तुमच्याएवढे धीट होईपर्यंत तुम्ही जगा, बाई, ठणठणीत आणि चिडलेल्या.